दोन वर्षांच्या माणसाची रजा

केंद्र सरकारच्या नोकरीत रजेचे प्रकार इतके आहेत, की त्यांची नुसती नावे न अडखळता म्हणून दाखवणाऱ्याला विभागीय परीक्षेत चार गुण जास्त मिळायला हरकत नव्हती. नैमित्तिक रजा, अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, पितृत्व रजा, बालसंगोपन रजा; आणि त्यांच्या जोडीला, परप्रांतात नोकरी करणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या आशेचे ठिकाण असलेली ती रजा प्रवास सवलत. चार वर्षांच्या एका गटात दोनदा स्वग्रामी जावे, किंवा एकदा स्वग्रामी आणि एकदा भारतात कोठेही. वाचकांपैकी बहुतेकांना ही कलमे माझ्याहून अधिक पाठ असतील. या साऱ्या नियमांत लहान मुलाचे वय एकाच कारणासाठी विचारले जाते : त्याचे तिकीट किती? पाच वर्षांखालच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ मागितली नाही, तर रेल्वे त्याचे तिकीट आकारत नाही; त्यामुळे देयकात त्याच्या नावापुढे शून्य पडते. आमच्या कन्येने मागल्या हिवाळ्यात, दोन वर्षे चार महिने वयाची असताना, रायपूरहून अरबी समुद्रापर्यंत आणि परत असा जो प्रवास केला, तो कागदोपत्री असा शून्य रुपयांचा आहे. मला लिहायचे आहे ते त्या शून्याविषयी.

आम्ही रायपूरच्या पुरानी बस्तीत भाड्याने राहतो. कचेरीतल्या पुष्कळांनी नव्या वसाहतींत घरे घेतली. मला मात्र हा शहराचा जुना भाग पहिल्या दिवसापासून आवडला. महामायेचे देऊळ, दूधाधारी मठ, जैतूसाव मठ, जवळपासचे तलाव, आणि या सर्वांना जोडणाऱ्या, दोन दुचाक्या समोरासमोर आल्या तर एकीने सभ्यपणे थांबावे अशा गल्ल्या. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, तोवर हा मुलूख त्यांच्याकडे होता. त्यामुळे येथे मराठी आडनावाचे कोणाला नवल वाटत नाही, आणि जवळच्या मोहल्ल्याचे तात्यापारा हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

सगळी गल्ली आमच्या मुलीला 'नोनी' म्हणते. छत्तीसगढीत नोनी म्हणजे मुलगी, एवढेच. पण संध्याकाळी ओट्यावरून 'ए नोनी!' अशी हाक आली, की ते तिचे पाळण्यातले नाव वाटावे. मीही या लेखापुरते तिला नोनीच म्हणतो. घरमालकांच्या आईला ती 'डोकरी दाई' म्हणते आणि वडिलांना 'बबा'. बबा म्हणजे आजोबा. तिचा दिवस मोठा गजबजलेला असतो. सकाळी नळाला पाणी येते, तेव्हा बादल्या भरण्याच्या कामावर तिची देखरेख असते. मग गाईला पोळी द्यायची असते. देवळाच्या अंगणातली कबुतरे उडवायची आणि ती पुन्हा बसली की पुन्हा उडवायची असतात. पोळ्याला येथे 'पोरा' म्हणतात. आपल्या पंचांगाची ती श्रावणी अमावास्या, येथल्या पंचांगाची भाद्रपदातली, दिवस मात्र एकच. त्या दिवशी मुलांना मातीचे नांदिया बैल मिळतात आणि मुलींना मातीचीच भातुकली : चूल, जाते आणि चुकिया नावाची मूठभर आकाराची मडकी. यातली एक चुकिया नोनीने इतके महिने न फोडता बाळगली होती, हे एक आश्चर्यच; आणि पुढे तिचा संबंध येणार आहे.

मी साडेनवाच्या ठोक्याला कचेरीत असतो. घरी यायला सात वाजतात आणि नऊ वाजता ती झोपते. म्हणजे तिच्या दिवसातले दोन तास माझ्या वाट्याला येतात, तेही तिचे सर्वांत थकलेले आणि माझे सर्वांत चिडचिडे. नाशिकला असलेल्या माझ्या आईवडिलांच्या वाट्याला रविवारी मोबाइलच्या पडद्यावरची दहा मिनिटे येतात, आणि त्यांतली सात नोनी त्यांना आपले कपाळ दाखवते. अशा कुटुंबाला वर्षातून पाच-सहा दिवस एकत्र मिळतात, तेव्हा ते कोठे आणि कसे घालवावे हा प्रश्न करमणुकीचा राहत नाही. वर्षभराची थकबाकी त्या दिवसांत चुकती करायची असते.

म्हणून ठिकाणाचा शोध सुरू केला की पहिला प्रश्न असा : लहान मुलीसाठी तेथे काय आहे? पर्यटन निवासाला हल्ली सर्वत्र 'रिसॉर्ट' म्हणतात, आणि या प्रश्नाला तेथून एकच उत्तर येते. 'सर, बच्चों के लिए बहुत ॲक्टिव्हिटी है।' मग त्या ॲक्टिव्हिटींची माळ : दोरीवरून घसरणे, भिंत चढणे, पाण्यावरची स्कूटर, जाळ्यातल्या उड्या. वय सांगितले की पलीकडे क्षणभर शांतता पसरते. 'दो साल? तो सर, टीव्ही पर कार्टून लगा देंगे।' ॲक्टिव्हिटी या शब्दाला मराठी प्रतिशब्द काय, याचा मी पुष्कळ विचार केला. उपक्रम म्हटले की शाळेचे परिपत्रक आठवते, करमणूक म्हटले की तिकीटखिडकी. पण आपल्या आयांनी एक शब्द केव्हाच योजून ठेवला आहे. मूल बराच वेळ गप्प झाले, की स्वयंपाकघरातून विचारणा होते, 'काय उद्योग चाललाय?' उद्योग! दोन वर्षांच्या मुलाला ॲक्टिव्हिटी नसते, उद्योग असतात. आणि ते कोणी आयोजित केलेले नसतात.

समुद्राला जाण्यापूर्वी काही महिने आधी, जोडून आलेल्या सुट्ट्यांत, आम्ही रायपूरपासून दोन-अडीच तासांवरच्या एका जलाशयाकाठच्या विश्रामधामात तीन दिवस काढले. स्थळ सुंदर होते. पाण्यावर सकाळचे धुके होते, खोली स्वच्छ होती, माणसे आर्जवी होती. पण खोलीच्या दारापासून वीस पावलांवर निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव होता, आणि त्याला कुंपण नव्हते. एका अंगाला उथळ भाग होता असे सांगण्यात आले; त्या उथळ भागाची खोली नोनीच्या हनुवटीइतकी होती. पाण्यात बुडून मृत्यू येण्याचे प्रमाण जगभर एक ते चार वर्षांच्या मुलांतच सर्वाधिक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बुडणारे मोठे माणूस हातपाय मारून ओरडते असे आपण चित्रपटांत पाहतो. एवढेसे मूल ओरडत नाही, चार बोटे पाण्यातही ते तोंडावर पडले तर आवाज न करता जाते. म्हणून जाणकार सांगतात, की तलावाला चारही बाजूंनी कुंपण हवे आणि फाटक आपोआप मिटणारे हवे. मी व्यवस्थापकांना हे विचारले, तर त्यांनी मला 'लाइफ गार्ड है न, सर' असे प्रेमाने सांगितले. तो मुलगा होता, आणि दहा ते पाच असा होता. आम्हा कारकुनांसारखाच त्याचाही जेवणाचा अर्धा तास होता.

परिणाम असा, की त्या तीन दिवसांत मी आणि सौ. यांनी आळीपाळीने पहारा केला. नोनीला त्या निळ्या पाण्याचे विलक्षण आकर्षण. तिला तेथून वळवून आणायचे, दुसरीकडे काही दाखवायचे, पुन्हा वळवायचे. रात्रीचे जेवण नऊला सुरू होई. तोवर ती भुकेने रडून झोपलेली असे. साडेनऊनंतर ध्वनिवर्धकावर गाणी लागत. 'मुलांची खोली' म्हणून जी दाखवली गेली, तीत रंगीत चेंडूंचा हौद होता आणि भिंतीवर मोठा पडदा होता. चेंडूंच्या हौदात ती पाच मिनिटे रमली. तिला खरे समाधान मिळाले ते बागेतल्या नळाखाली, जेथे पाणी ठिबकत होते आणि मुंग्यांची रांग वळसा घेऊन जात होती. तेथे ती पाऊण तास उकिडवी बसली. माळ्याने आम्हाला सांगितले, 'साहब, यहाँ कीचड़ है, बच्ची को झूले पर ले जाइए।' बिचाऱ्याचा हेतू चांगला होता.

या वयाच्या मुलाला देखावा मुळीच कळत नाही, ही गोष्ट पर्यटनाच्या सगळ्या व्यवसायाला अडचणीची आहे. आपली थंड हवेची ठिकाणे देखाव्यांवर उभी आहेत. महाबळेश्वरला आर्थर सीटवर नेऊन मुलाला दरी दाखवा. ते कठड्याच्या लोखंडावरचा गंज खरवडील. त्याचे जग दहा हातांच्या आत संपते, आणि त्या दहा हातांत जे बोटाने उचलता येते, ओतता येते, उघडता-मिटता येते, तेवढेच खरे. माथेरानचा विचारही आम्ही केला होता. तेथे मोटारगाड्यांना बंदी आहे, ही लहान मुलाच्या आईबापांना केवढी मोठी सोय! आणि नेरळहून वर जाणारी ती छोटी आगगाडी. पण ती वीस किलोमीटरांचे अंतर दोन तासांहून अधिक वेळात चढते, आणि दोन वर्षांच्या माणसाची गाडीतली गोडी वीस मिनिटांत संपते. उरलेला वेळ खाऊच्या पुड्यांनी भरून काढावा लागतो. योगायोग असा, की ही गाडी १९०७ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी रोममधल्या एका गरीब वस्तीत मारिया मॉंटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. मुलांच्या नजरेने पाहायचे तर त्या वर्षातली महत्त्वाची घटना दुसरी.

मॉंटेसरीबाईंनी त्या बालगृहातल्या एका तीन वर्षांच्या मुलीची हकीकत लिहिली आहे. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत दट्टे बसवायचे आणि काढायचे, एवढे काम ती मुलगी करीत होती. भोवती मुलांना गाणे म्हणायला लावले, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. तरी तिचे चालूच. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले आणि मग आपण होऊन थांबली, जणू झोपेतून ताजी उठली होती. आपल्याला जे कंटाळवाणे वाटते तेच मुलाला भरून टाकते, हे त्यावरून त्यांनी ओळखले.

आम्ही बोर्डीला गेलो त्याचे पहिले कारण साधे होते : अण्णांचे गुडघे. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, एकाहत्तरावे वर्ष चालू आहे; टपाल खात्यातून निवृत्त झाले. रायपूरपर्यंतचा रेल्वेचा प्रवास त्यांना त्या हिवाळ्यात झेपणारा नव्हता. नाशिक हे माझे स्वग्राम. तेथवरचे भाडे सरकारकडून मिळणार होते. नाशिकहून त्र्यंबक-जव्हारच्या रस्त्याने मोटार करून डहाणूकडे उतरावे आणि समुद्रकाठी चार दिवस सर्वांनी एकत्र राहावे, असे ठरले. नाशिकपुढचा खर्च अर्थातच खिशातला. पण दुसरे कारण माझ्या मनात होते, आणि ते ताराबाई मोडकांचे.

ताराबाईंनी आयुष्यातली उमेदीची वर्षे मराठी मुलखाबाहेर, गुजरातीत बोलणाऱ्या भावनगरात काढली. गिजुभाई बधेका यांच्या बरोबरीने त्यांनी तेथे बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला तो तेथेच. पुढे १९४५ मध्ये त्या पालघरकडच्या या किनाऱ्यावरच्या बोर्डी गावात आल्या आणि अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन त्यांनी बालवाडी सुरू केली. काही वर्षांनी हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी मॉंटेसरी साधने महाग; खेड्यात ती आणायची कोठून? म्हणून शंखशिंपले, चिंचोके, खडे, पाने, माती यांचीच साधने केली. आणि गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणांतून आलेला आहे. १९७५ च्या गांधीजयंतीला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पोचला. आमच्या रायपुरात पिवळ्या भिंतीवर 'आंगनबाड़ी केंद्र' असे रंगवलेले दिसते, तेव्हा मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. ज्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांचे शिक्षण होऊ शकते असे एका जाणत्या बाईने ठरवले, तो किनारा आमच्या एका मुलीला चार दिवस पुरायला काहीच हरकत नव्हती.

राहायची जागा चिकूच्या वाडीत मिळाली. घोलवडचा चिकू प्रसिद्धच आहे. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मी फोनवर माझा नेहमीचा प्रश्न विचारला. मालकीणबाई म्हणाल्या, 'आमच्याकडे तसलं काही नाही हो. झोपाळा आहे, कोंबड्या आहेत, आणि समुद्र आहे.' पोहण्याचा तलाव? 'समुद्र असताना तो कशाला?' जेवण किती वाजता? 'बाळाला भूक लागेल तेव्हा. वरणभात काय, केव्हाही होतो.' माझ्या सर्व दूरध्वनी-चौकशीतले हे सर्वोत्तम उत्तर होते.

आता जे सांगायचे ते जरा जपून सांगतो. आम्ही नाशिकला घरी पोचलो तेव्हा अण्णा दारात उभे होते. त्यांनी नोनीसाठी मुळाक्षरांचे मोठे चित्रमय पुस्तक आणून ठेवले होते. 'अ' अननसाचा, 'आ' आईचा. नोनी आईच्या पदरामागे गेली. 'हे कोण, ओळखलंस का?' असे आईने विचारले. नोनीने क्षणभर पाहिले आणि शहाण्या मुलीसारखे उत्तर दिले, 'अंकल.' दारावर येणाऱ्या, पाकीट देऊन जाणाऱ्या, गॅसची टाकी आणणाऱ्या सर्वांना ती अंकल म्हणते. अण्णा हसले. 'बरोबर आहे,' म्हणाले आणि पुस्तक टेबलावर ठेवून दिले. बोर्डीला निघताना ते त्यांनी बरोबर घेतले नाही, हे मी पाहिले.

बोर्डीचा समुद्र उथळ आहे. सुरूच्या झाडांची रांग, मग वाळूचा रुंद पट्टा, आणि ओहोटीला पाणी एवढे मागे जाते, की समुद्र कोठेतरी कामाला गेला आहे असे वाटावे. मागे उरतात ओल्या वाळूतल्या नक्ष्या आणि घोटाभर पाण्याची डबकी. समुद्र आहे म्हणजे धोका आहेच, तो कोणत्याही तलावाहून मोठा. पण त्याचे वेळापत्रक असते. भरती आणि ओहोटी यांत सुमारे सहा तासांचे अंतर, आणि दर दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. वाडीतल्या गड्याला विचारून मी रोजच्या वेळा कागदावर लिहून घेतल्या (कारकुनाची सवय) आणि पाणी उतरते असताना जायचे, फिरायच्या आधी परतायचे, असा नियम केला. डबक्यांपाशीसुद्धा एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे, हा दुसरा.

पहिल्या सकाळी नोनीच्या मुठीत ती रायपूरची चुकिया होती. अण्णांना जमिनीवर बसता येत नाही. त्यांच्यासाठी वाडीतली एक खुर्ची आम्ही डबक्याजवळ आणून ठेवली होती. चपला काढून ते पाय वाळूत ठेवून बसले होते. नोनीने चुकिया डबक्यात बुडवली, दोन्ही हातांनी धरून आणली आणि सगळे पाणी अण्णांच्या उजव्या पायावर ओतले. अण्णांनी पाय उचलला आणि 'हुऽऽ' असा आवाज काढला. नोनीने विचारपूर्वक त्यांच्याकडे पाहिले. परत गेली, भरून आणली, आता डाव्या पायावर. पुन्हा 'हुऽऽ'. बस्स. त्या सकाळचा कार्यक्रम ठरला.

ते किती वेळ चालले असेल? मी घड्याळ पाहिले तेव्हा तासाला पाच मिनिटे कमी होती. अण्णांनी एकसष्टपर्यंत मोजले होते आणि मग मोजणे सोडून दिले होते. सौ. सुरूच्या सावलीत एक पुस्तक घेऊन बसली होती. ती नंतर म्हणाली, की मूल झाल्यापासून सलग अकरा पाने वाचण्याचा हा पहिलाच प्रसंग. आई वाळूत कोयरीची रांगोळी काढीत होती, आणि ती पुसली जाणार हे ठाऊक असल्यामुळे अधिकच निगुतीने काढीत होती. मी काहीच करीत नव्हतो. नोकरी लागल्यापासून दिवसाउजेडी एवढा वेळ काही न करता मी मुलीकडे पाहिले नव्हते. ती पाणी आणताना जीभ बाहेर काढते, आणि ओतण्यापूर्वी एकदा श्वास रोखते, हे मला तेथे दिसले.

दुसऱ्या दिवशी उद्योगात भर पडली. अण्णांनी शिंपले गोळा करून खुर्चीच्या हातावर ओळीने मांडले. नोनीने ते एकेक करून चुकियेत टाकले आणि एकदम ओतले. अण्णा मोजत, 'एक, दोन, तीन.' नोनी डोकरी दाईने शिकवल्याप्रमाणे मोजे, 'एक, दू, तीन.' काही वेळाने अण्णाही 'दू' म्हणू लागले. माझ्या आईने मराठी आकडे शिकवण्याचा आग्रह धरला असता त्यांनी तिला हाताने थांबवले. निवृत्त पोस्टमास्तराला, पत्ता कोणत्याही लिपीत असो, टपाल पोचले पाहिजे एवढेच कळते.

तिसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ दुपारकडे सरकली होती. ऊन होते, आम्ही वाडीतच राहिलो. अण्णा झोपाळ्यावर डोळे मिटून पडले होते. नोनी कोंबड्यांच्या मागे हिंडून आली, झोपाळ्यापाशी उभी राहिली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, 'बबा, पानी.' तिला पाणी प्यायला हवे होते, की ओतायला, हे कळले नाही. अण्णा उठून बसले. 'काय म्हणाली ती?' त्यांनी मला विचारले. मी सांगितले, तिकडे आजोबांना बबा म्हणतात. अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'असू दे,' आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि तिला घेऊन माठाकडे गेले.

परतल्यावर कचेरीतल्या सहकाऱ्यांनी विचारले, की लहान मुलांना न्यायला बोर्डी कशी आहे? एका मित्राला मुलगा आहे, पावणेदोन वर्षांचा. त्याला मी बराच वेळ सांगत बसलो. ठिकाणाचे नाव महत्त्वाचे नाही, हे त्याला पटवणे कठीण गेले. तेथे मुलांसाठी काय आहे असे विचारू नकोस, मी म्हटले. तलावाला कुंपण आहे का ते विचार. गॅलरीच्या कठड्याच्या दोन गजांमधून मुलाचे डोके जाईल का ते विचार. साडेसहाला मऊ भात मिळेल का, रात्री गाणी किती वाजता थांबतात, आवारात मातीचा एखादा तुकडा आहे का, की सगळीकडे फरशी आणि हिरवा गालिचा आहे? घरचे एक भांडे आणि एक वाटी बरोबर ने. नवे खेळणे नेऊ नकोस, परक्या जागी त्याला ओळखीचे काहीतरी मुठीत हवे असते. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, याहून अधिक काही ठरवू नकोस, आणि दुपारची झोप मोडून कोणतेही स्थलदर्शन करू नकोस. आणि आईवडील येऊ शकत असतील तर त्यांना बोलाव. मित्र म्हणाला, 'एवढंच करायचं तर घरीच का नाही?' प्रश्न चोख होता. घरी मी साडेनवाला निघून जातो, म्हणून.

रविवारी सकाळी मी नोनीला घेऊन बूढा तलावावर जातो. त्याला आता विवेकानंद सरोवर असे नाव आहे आणि मध्यभागी स्वामीजींचा मोठा पुतळा आहे. १८७७ साली नरेंद्र दत्त नावाचा चौदा वर्षांचा मुलगा कलकत्त्याहून येऊन येथे जवळच बूढापाऱ्यात राहिला होता. वडील विश्वनाथबाबू वकील, कामानिमित्त रायपूरला आलेले. गावात तेव्हा त्याच्याजोगी शाळा नव्हती. म्हणून मुलाचे दिवस वडिलांच्या सहवासात, त्यांच्याशी बोलण्यावाद घालण्यात गेले, आणि दोघांची खरी ओळख झाली ती या परगावी, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १८७९ मध्ये कुटुंब परत गेले आणि पुढे पाचच वर्षांनी वडील वारले. मी तलावाच्या पायरीवर बसून हे मनात आणतो. नोनीला पुतळ्याशी कर्तव्य नसते; तो दहा हातांच्या पलीकडे आहे. ती पायरीवरच्या शेंगांची टरफले गोळा करून माझ्या खिशात भरते.

बदलीचा काळ जवळ येत आहे. पुढचा आदेश कोठला येईल, हे सांगता येत नाही. तेथे आजोबांना काय म्हणतात हेही तिला पुन्हा शिकावे लागेल. तोवर अण्णांनी एक ठरवले आहे. गुडघ्यांवर उपचार चालू आहेत आणि डॉक्टरांनी खालची बर्थ मिळाल्यास प्रवासाला हरकत नाही असे सांगितले आहे. येत्या पोळ्याला दोघेही रायपूरला येणार. मागल्या रविवारी नोनीने कपाळाऐवजी चुकिया पडद्यासमोर धरली, तेव्हा अण्णांनी मला विचारले, त्या भातुकलीत जाते असते असे म्हणाला होतास, ते खरोखर फिरते का? मी सांगितले, फिरते. फक्त दळले काही जात नाही. 'चालेल,' अण्णा म्हणाले, 'आपल्याला कुठे घाई आहे?'